ऑनलाइन दुकानातले ‘पान सापडले नाही’ हे पान कसे घडवावे

गिरगावातल्या आमच्या घरगुती मसाल्यांच्या आणि लोणच्यांच्या दुकानाची वेबसाइट मी सांभाळते. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिची पूर्ण फेररचना करून घेतली. विभागांची नावे बदलली आणि त्याबरोबर प्रत्येक वस्तूच्या पानाचा पत्ताही बदलला. बरण्यांच्या लेबलांवर छापलेले क्यूआर कोड मात्र जुनेच पत्ते सांगत राहिले. घरातली बरणी संपली म्हणून कोणी तिच्यावरचा कोड फोनने वाचला की समोर पांढरे पान आणि त्यावर इंग्रजीतले ‘नॉट फाउंड’ एवढे दोनच शब्द येत. ही माणसे आमचा माल आवडला म्हणून पुन्हा मागवायला आलेली होती, आणि नेमके त्यांनाच आम्ही दारातून परत पाठवत होतो. हे आम्हाला कळले तेसुद्धा एका नेहमीच्या ग्राहक बाईंनी फोन करून ‘दुकान बंद केलंत का?’ असे काळजीने विचारले तेव्हा.

पुष्कळ दुकाने या पानाकडे शोभेची जागा म्हणून पाहतात. तिथे एखादे गमतीचे चित्र लावले आणि खाली ‘मुख्य पानावर जा’ असे बटण दिले की काम झाले असे समजले जाते. माझ्या मते या पानाचे काम एकच आहे. ग्राहक एखादी ठरावीक वस्तू मनात धरून आलेला असतो; त्याला त्या वस्तूपर्यंत, आणि ती नसेल तर तिच्या सर्वांत जवळच्या वस्तूपर्यंत, कमीत कमी कष्टांत पोहोचवायचे. पुढचे सर्व निर्णय या एका कसोटीवर घ्यावेत.

पान बनवण्याआधी पत्त्यांची यादी

या पानापर्यंत जितके कमी ग्राहक येतील तितके चांगले, म्हणून सुरुवात पानापासून न करता हरवलेल्या पत्त्यांपासून करावी. डिसेंबर २०२३मध्ये दादर स्थानकातल्या फलाटांना नवे क्रमांक मिळाले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेच्या फलाटांना त्यापुढचे ८ ते १४ हे क्रमांक दिले गेले, त्यामुळे मध्य रेल्वेचा एक नंबर आठ नंबर झाला. जुन्या सवयीने मध्य रेल्वेचा एक नंबर विचारणाऱ्या प्रवाशाला ‘असा फलाट नाही’ असे कोणी सांगत नाही, ‘तो आता आठ नंबर’ असेच सांगतात. वेबवर हेच उत्तर सर्व्हर, म्हणजे आपल्या वेबसाइटची पाने पाठवणारा संगणक, ३०१ या क्रमांकाने देतो. त्याचा अर्थ असा की हे पान कायमचे दुसरीकडे गेले आहे आणि नवा पत्ता हा आहे. ब्राउझर ते वाचून ग्राहकाला आपोआप नव्या पानावर नेतो, आणि गूगलही आपल्या नोंदीत नवा पत्ता घेते. तात्पुरत्या बदलासाठी ३०२ हा वेगळा क्रमांक आहे. कायमच्या बदलाला तो वापरू नये.

यासाठी एका तक्त्यात दोन स्तंभ करावेत, डावीकडे जुना पत्ता आणि उजवीकडे नवा. जुने पत्ते गोळा करण्यासाठी जुन्या वेबसाइटचा साइटमॅप (सर्व पत्त्यांची फाइल), आपली पाने शोधात कशी दिसतात ते दाखवणाऱ्या गूगल सर्च कन्सोलमधली पानांची यादी, व्हॉट्सॲपवरचा कॅटलॉग, पूर्वी पाठवलेली बिले आणि छापलेली लेबले हे सर्व चाळावे लागते. यातले शेवटचे दोन आम्ही विसरलो होतो आणि फटका तिथेच बसला. तक्ता भरताना प्रत्येक जुना पत्ता थेट अंतिम पत्त्याकडे जाईल असे पाहावे. पहिल्या फेररचनेतून दुसरीकडे आणि दुसरीतून तिसरीकडे अशी साखळी झाली, तर पान उघडायला वेळ लागतो आणि मधली एक कडी निखळली की सगळेच तुटते. अशी वळवणी किमान एक वर्ष तरी ठेवावी असे गूगल सांगते, पण छापील कोडांच्या बाबतीत मी ती कायमची ठेवावी असेच म्हणेन. लोणच्याची बरणी घरात वर्षभर सहज टिकते, आणि रिकामी झाल्यावरही ती लेबलासकट फडताळात राहते.

हंगामी मालाचा विचार वेगळा करावा लागतो. हापूसच्या पेट्या साधारण मार्च-एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत विकल्या जातात, आणि हंगाम संपला की अनेक दुकानदार ते पानच काढून टाकतात. पुढच्या वर्षी नवे पान, नवा पत्ता, आणि गेल्या वर्षी ज्यांनी लिंक जपून ठेवली ते सर्व ग्राहक वाऱ्यावर. हे पान काढूच नये. ‘या वर्षीचा हंगाम संपला. पुढच्या हंगामाची सूचना हवी असल्यास आपला क्रमांक द्या’ असे लिहून ते चालू ठेवावे. दिवाळीच्या फराळाचेही तसेच. पत्त्यात वर्षाचा आकडा घालण्याचा मोह टाळला तर तेच पान दर वर्षी कामी येते.

जी वस्तू कायमची बंद झाली आहे तिच्याबाबत प्रामाणिकपणे विचारावे की ग्राहकाला तिच्या जागी दुसरे काही खरोखर चालेल का. दोनशे ग्रॅमचे पाकीट बंद करून अडीचशे ग्रॅमचे सुरू केले असेल तर जुना पत्ता नव्याकडे वळवणे योग्यच आहे. पण लसणाची चटणी बंद झाली म्हणून तिचा पत्ता मुख्य पानाकडे वळवला, तर ग्राहकाला आपण भलत्याच ठिकाणी का आलो हे कळत नाही आणि तो चटणी शोधत बसतो. अशा ठिकाणी ‘सापडले नाही’ हेच खरे उत्तर आहे. तेच द्यावे, फक्त नीट द्यावे.

सर्व्हरचे उत्तर खरे असावे

पडद्यावर जे दिसते त्याखेरीज सर्व्हर ब्राउझरला एक तीन अंकी क्रमांकही पाठवतो, आणि तो ग्राहकाला दिसत नसल्यामुळे त्यातली चूक महिनोन्‌महिने लपून राहते. पान व्यवस्थित असेल तर २००, सापडले नाही तर ४०४, मुद्दाम कायमचे काढून टाकले असेल तर ४१०. पडद्यावर ‘पान सापडले नाही’ असे लिहिलेले आणि मागून मात्र २०० पाठवलेले, असे झाले की शोधयंत्राला ते खरे पान वाटते किंवा त्यात गफलत आहे अशी शंका येते. गूगल अशा पानांना ‘सॉफ्ट ४०४’ म्हणते आणि सर्च कन्सोलमध्ये त्यांची वेगळी नोंद दाखवते. सगळे तुटलेले पत्ते सरसकट मुख्य पानाकडे वळवले तरी गूगल त्यांना बहुधा याच रांगेत बसवते, म्हणजे त्या युक्तीने ग्राहकही दुखावतो आणि शोधातही काही पदरात पडत नाही. याउलट, जे पान खरोखर नाही त्याला ४०४ दिल्यामुळे वेबसाइटच्या बाकीच्या पानांचे शोधातले स्थान घसरत नाही. ही भीती मनातून काढून टाकावी.

स्वतःचा सर्व्हर असणाऱ्यांनी दोन ठिकाणी विशेष जपावे. अपाची या सर्व्हर-प्रणालीवर ‘एरर डॉक्युमेंट’ या सूचनेत आपल्या पानाचा मार्ग तिरक्या रेषेने सुरू करून द्यायचा असतो. तिथे वेबसाइटच्या नावासकट पूर्ण पत्ता लिहिला तर अपाची ग्राहकाला त्या पत्त्याकडे वळवतो आणि ४०४ हा क्रमांक वाटेतच हरवतो. एन्जिनएक्स या तशाच दुसऱ्या प्रणालीवर ‘एरर पेज’ या सूचनेत बरोबरच्या चिन्हापुढे २०० लिहिण्याचा सल्ला काही ठिकाणी आढळतो; तो मानू नये. ज्या दुकानांची पाने ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्ट या भाषेतल्या प्रोग्रामने रचली जातात, तिथे सर्व्हर कोणत्याही पत्त्याला २०० देत असतो, म्हणून वस्तू अस्तित्वात आहे की नाही हे सर्व्हरच्या पातळीवर तपासण्याची सोय बनवणाऱ्याकडून मागून घ्यावी.

वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीवर दुकान असेल तर थीममध्ये, म्हणजे पानांच्या साच्यात, ‘४०४’ या नावाची पीएचपी फाइल असते, आणि नव्या ब्लॉक थीममध्ये साइट एडिटरच्या टेम्पलेटांत त्याच नावाचे टेम्पलेट मिळते. तेच संपादित करायचे. एखाद्या वस्तूच्या पत्त्यातला शेवटचा भाग बदलला तर वर्डप्रेस जुना भाग लक्षात ठेवून स्वतः वळवणी करते, पण विभागांची सगळी रचना बदलताना त्यावर विसंबू नये. आमची चूक नेमकी हीच होती. शॉपिफाय या ऑनलाइन दुकानांच्या सेवेवर थीम एडिटरमध्ये ४०४चे टेम्पलेट सापडते, आणि वस्तूचा पत्ता बदलताना जुन्याकडून नव्याकडे वळवणी तयार करण्याची खूण समोरच येते; ती काढू नये.

पानावर काय लिहावे

पहिले वाक्य साधे आणि खरे असावे. ‘अरेरे’ नको, ‘काहीतरी चुकले’ नको आणि ‘आपण चुकीचा पत्ता टाकला आहे’ हे तर मुळीच नको, कारण बहुतेक वेळा ग्राहकाने काहीही टाइप केलेले नसते, त्याने फक्त आपण दिलेली लिंक दाबलेली असते. ४०४ हा आकडा मोठ्या अक्षरांत छापण्याचेही कारण नाही, कारण लोणचे घ्यायला आलेल्याला त्याचा अर्थ माहीत असण्याची अपेक्षा करता येत नाही. आमच्या पानावर सध्या असे लिहिलेले आहे: ‘हे पान आता या पत्त्यावर नाही. आपण शोधत असलेली वस्तू दुकानात असू शकते. तिचे नाव खाली लिहा, किंवा आम्हाला विचारा.’ त्याखाली शोधाची चौकट, तिच्याखाली पाच विभाग, आणि मग व्हॉट्सॲपचे बटण. मसाले, लोणची, चटण्या, पिठे व भाजण्या, पापड-कुरडया, एवढेच विभाग. पंधरा-वीस विभाग दिले तर ग्राहक वाचतच नाही.

शोधाची चौकट रिकामी ठेवू नये. तुटलेल्या पत्त्यातच बहुधा वस्तूचे नाव असते, ते वेगळे काढून चौकटीत आधीच भरून ठेवता येते, आणि शक्य असल्यास त्या शब्दांशी जुळणाऱ्या तीन-चार वस्तू चित्रांसह तिथेच दाखवता येतात. या एका गोष्टीने पानाची उपयुक्तता जितकी वाढते तितकी इतर कशानेही वाढत नाही, म्हणून वेळ आणि पैसा थोडा असेल तर तो इथे खर्च करावा. मात्र पत्त्यातून आलेला मजकूर पानावर दाखवताना तो निव्वळ मजकूर म्हणूनच छापला जाईल याची खात्री बनवणाऱ्याकडून करून घ्यावी. नाहीतर पत्त्यात लपवलेली जावास्क्रिप्ट आपल्याच पानावर चालवण्याची वाट कोणालाही मोकळी होते.

आपल्याकडचा शोध नेमका मराठीतच अडखळतो. कोणी ‘लोणचे’ लिहितो, कोणी ‘लोणचं’; मेतकूट ऱ्हस्व उकाराने लिहिणारे पुष्कळ असतात; आणि रोमन लिपीत तर प्रत्येकाची स्वतंत्र वर्तनी असते. शिवाय ‘भाजणी’ एवढाच शब्द लिहिणाऱ्याला थालीपिठाची हवी असते की चकलीची, हे यंत्राला कळत नाही, तेव्हा दोन्ही दाखवावीत. शोधाच्या सुविधेत समानार्थी शब्दांची यादी भरण्याची सोय असते; ती भरायला एक दुपार लागते आणि ती दुपार सत्कारणी लागते. ग्राहकांनी व्हॉट्सॲपवर जशी नावे लिहिली असतील तशीच त्या यादीत घ्यावीत.

व्हॉट्सॲपचे बटण करताना क्रमांक ९१ने सुरू करावा, त्याआधी अधिक चिन्ह किंवा शून्य लावू नये, आणि संदेशात तुटलेला पत्ता आधीच भरून ठेवावा. ग्राहकाने फक्त पाठवा म्हटले की कोणते पान तुटले आहे हे आपल्याला कळते आणि त्याला काही समजावून सांगावे लागत नाही. उत्तर कोणत्या वेळेत मिळेल हेही तिथेच लिहावे.

दुकानाचे बोधचिन्ह, वरची पट्टी आणि पिशवीची खूण नेहमीसारखीच दिसू द्यावी. ग्राहकाने आधी पिशवीत काही टाकले असेल तर ते शाबूत आहे हे त्याला दिसले पाहिजे. अक्षरांसाठी मुंबईतल्याच एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ हे फॉन्ट मोफत मिळतात आणि देवनागरीत फार स्वच्छ दिसतात. दोन ओळींतले अंतर मात्र रोमन मजकुरापेक्षा थोडे जास्त ठेवावे, म्हणजे वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडत नाहीत. पानाची भाषा मराठी असल्याची खूण पानाच्या एचटीएमएल संहितेत करायला विसरू नये, कारण पडदा-वाचक वापरणाऱ्या अंध ग्राहकाला योग्य उच्चार त्यावरूनच ऐकू येतात.

मराठी पत्त्यांचा प्रश्न

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवण्याची हौस मलाही होती. पण पत्ता ब्राउझरमधून कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवला की देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे (बाइट म्हणजे संगणकातले साठवणीचे एकक) असल्यामुळे आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जात असल्यामुळे एका चिन्हाची नऊ अक्षरे होतात. काना, मात्रा आणि वेलांट्याही वेगळी चिन्हे म्हणून मोजल्या जातात. ‘कैरीचे-लोणचे’ या नावात अशी ११ चिन्हे आणि मधली एक आडवी रेघ आहे, म्हणजे ते बरोबर १०० अक्षरांचे होते. अशी लांबलचक लिंक संदेशात मध्येच तुटते, वाचणाऱ्याला संशयास्पद वाटते आणि क्यूआर कोडही तिच्यामुळे दाट होऊन लहान लेबलावर नीट वाचला जात नाही.

त्याहून अवघड अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘कैऱ्या’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ऱ, हलन्त आणि य अशी चिन्हे असतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण सर्व्हरच्या दृष्टीने ते दोन निराळे पत्ते असतात. आमच्या एका पानाबद्दल ‘कधी उघडते, कधी उघडत नाही’ अशी तक्रार येत होती आणि तिचे कारण हे निघाले: कीबोर्ड बदलला की पत्ता बदलत होता. युनिकोड या संगणकावरच्या अक्षरांच्या सर्वमान्य पद्धतीच्या नेहमीच्या प्रमाणीकरणाने हे दोन प्रकार एक होत नाहीत, म्हणून र, हलन्त आणि जोडचिन्ह दिसले की त्याजागी ऱ आणि हलन्त घ्यावे असा नियम स्वतः लिहावा लागतो. तोच नियम शोधाच्या चौकटीलाही लावावा.

त्यामुळे माझा सल्ला असा की पानावरचे नाव, मथळा आणि मजकूर सर्व काही मराठीत ठेवावे, पण पत्ता मात्र लहान आणि रोमन अक्षरांत असावा. ज्यांचे पत्ते आधीच देवनागरीत आहेत त्यांनी ते वळवणीच्या तक्त्यात घेऊन हळूहळू बदलावेत.

आणखी एक छोटी पण वारंवार होणारी गोष्ट म्हणजे लिंकच्या शेवटी चिकटलेले पूर्णविराम, स्वल्पविराम किंवा कंस. संदेशात वाक्याच्या शेवटी लिंक दिली की ती चिन्हे पत्त्याचाच भाग होऊन बसतात. शेवटची अशी चिन्हे काढून पत्ता पुन्हा तपासावा, आणि पान सापडले तर ग्राहकाला थेट तिथे न्यावे, एवढी सूचना सर्व्हरला दिली की हा प्रकार थांबतो.

चाचणी आणि देखरेख

पान तयार झाल्यावर ते केवळ एका खोट्या पत्त्यावर पाहून समाधान मानू नये. मुद्दाम खोल पत्ता टाकावा, ज्यात तीन-चार तिरक्या रेषा आहेत. पुष्कळदा मुख्य पातळीवर सुंदर दिसणारे पान अशा पत्त्यावर विस्कटते, कारण चित्रांचे आणि सजावटीच्या फायलींचे मार्ग सापेक्ष, म्हणजे उघडलेल्या पत्त्याच्या पातळीवरून मोजलेले, लिहिलेले असतात. ते सर्व मुळापासून, म्हणजे तिरक्या रेषेने सुरू होणारे, लिहावेत. मग ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमधील नेटवर्क या भागात जाऊन पहिल्या ओळीत ४०४ हाच क्रमांक येतो आहे का ते पाहावे. फोनवर, तेही चर्चगेट किंवा सीएसएमटीहून सुटलेल्या गाडीत उभे राहून, एका हाताने शोध करून पाहावे. आमचे पुष्कळ ग्राहक तसेच येतात. हरवलेल्या चित्रांसाठी हे पूर्ण पान पाठवले जात नाही ना, हेही पाहावे. चित्राच्या मागणीला रिकामे ४०४ पुरते.

पानाच्या शीर्षकात ‘पान सापडले नाही’ हे शब्द ठेवले की गूगल ॲनालिटिक्स या भेटी मोजणाऱ्या साधनात त्या शीर्षकावरून कोणकोणते पत्ते तुटले आहेत हे वेगळे काढता येते. मी सोमवारी सकाळी दहा मिनिटे ही यादी पाहते. सर्व्हरच्या नोंदींमध्ये आपल्या दुकानात कधीच नसलेल्या पत्त्यांची रांग दिसली तर घाबरू नये. ते कमकुवत वेबसाइट हुडकत फिरणारे प्रोग्राम असतात आणि त्यांना ४०४ मिळणे हेच योग्य आहे. ज्या पत्त्यावर माणसे येत आहेत, विशेषतः ज्यांच्यामागे एखादी बातमी, व्हॉट्सॲप गट किंवा छापील कोड आहे, तेवढेच तक्त्यात घ्यावेत.

नवी लेबले छापायला देताना आम्ही आता कोडात वस्तूच्या पानाचा पत्ता देत नाही. आमच्याच डोमेनवरचा, म्हणजे आमच्या वेबसाइटच्या नावाखालचा, एका अक्षराचा आणि वस्तूच्या क्रमांकाचा छोटा पत्ता देतो, आणि तो कुठे वळायचा हे तक्त्यात ठरवतो. दुसऱ्या कंपनीची लिंक लहान करून देणारी सेवा आम्ही यासाठी वापरत नाही, कारण ती बंद झाली तर छापलेल्या सर्व बरण्या एका दिवसात मुक्या होतील. छपाईला फाइल जाण्याआधी दुकानातले दोघे जण दोन वेगवेगळ्या फोनांवरून प्रत्येक कोड वाचून पाहतात, आणि तक्त्यातली छापील कोडाची ओळ पिवळ्या रंगाने रंगवतात. पिवळी ओळ कोणीही पुसायची नाही, असे दुकानात ठरले आहे.